टायच्या खालचा भाग

ग्रेलिंग लेकच्या जुन्या फोटोंमध्ये टाय घातलेला माणूस एकच आहे. पाद्री स्वेटरमध्ये आहे, शाळेचा हेडमास्तर कान झाकणाऱ्या टोपीत आहे आणि बँकेचा मॅनेजर एका हातात बिअर, दुसऱ्या हातात मासा घेऊन उभा आहे. दोघांपैकी जास्त शुद्धीवर मासा दिसतो. शशिकांत शेवडे मात्र कुठल्याही फोटोत पाहा, टायमध्ये. बर्फावर दगड घसरवायच्या कर्लिंगच्या मॅचला टाय. गोठलेल्या तळ्यावर विमान उतरून त्यातून सांताक्लॉज बाहेर पडतोय, मागे गर्दीत टाय. हिवाळी जत्रेत बर्फाचा हत्ती केलाय, त्याच्या शेजारी टाय. (तो हत्ती नव्हे, गणपती. त्यांच्या बायकोनं, प्रमोदिनीबाईंनी, केला होता, आणि मे महिन्यात त्याचं विसर्जन आपोआप झालं.) फोटो काळेपांढरे असल्यामुळे तो टाय निळा होता आणि नागपूरला सीताबर्डीवर घेतला होता, हे जगात आता फक्त प्रमोदिनीबाईंना माहीत होतं.

आणि त्याच टायनं आता घात केला होता.

ग्रेलिंग लेक हे उत्तर सस्कॅचवानमधलं युरेनियमच्या खाणीचं गाव. होतं, म्हणायला हवं. रस्ता तिथे कधी पोचलाच नाही. विमान आलं तर ताजा कोबी, नाही आलं तर कालचाच कोबी. खाण बंद झाली तेव्हा कंपनीनं गावही बंद केलं, दुकानाचं शटर ओढावं तसं, आणि माणसं मिळेल तिकडे पांगली. शेवडे सस्काटूनला आले. शशिकांतराव गेले त्याला आता तीन हिवाळे झाले. फुप्फुसाचा कॅन्सर. जन्मात सिगरेट ओढली नव्हती. सुपारीसुद्धा नाही.

गावातल्या उरलेल्या माणसांनी सस्काटूनला नदीकाठी एक दगड उभारायचं ठरवलं होतं. जमिनीखाली काम करून छातीच्या दुखण्यानं गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची. दगडाआधी वाचनालयाच्या हॉलमध्ये गावच्या फोटोंचं प्रदर्शन. सगळं जमवत होती ग्लेंडा. तिचे वडील गावचे न्हावीही होते आणि फोटोग्राफरही. खुर्ची एकच, आधी केस कापायचे, मग फोटो काढायचे. ग्लेंडा प्रमोदिनीबाईंना पॅम म्हणायची. गावात सगळेच म्हणायचे, आणि शशिकांतरावांना शॅश.

"पॅम, वाईट वाटून घेऊ नकोस," ग्लेंडा फोनवर म्हणाली. "समिती म्हणते, शॅश ऑफिसात होता."

"कोण म्हणतं?"

"फोटो म्हणतात."

"अगं, कंपनीला विचारा!"

"विचारलं. तो ठेकेदाराकडून लागला होता. ठेकेदार कागदपत्रांसकट कधीच गायब झालाय."

"मग त्याच्या शिफ्टमधल्या माणसांना विचारा."

"पॅम, ती सगळी दगडावर आहेत."

प्रमोदिनीबाईंनी फोन ठेवला आणि कुकर लावला. दोन शिट्ट्या झाल्यावर लक्षात आलं, आत तांदूळ घातलेच नव्हते.

दोष फोटोंना देण्यात अर्थ नव्हता. फोटोंनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. शशिकांतराव नागपूरहून आले ते मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून. कॅनडानं पदवी पाहिली, कौतुकानं मान हलवली आणि हातात फावडं दिलं. हुद्दा मकर. राशीतला नव्हे, सुरुंगानं फुटलेला खडक उपसून डब्यांत भरतो तो मकर. पण तोवर वडिलांनी धरमपेठेत पेढे वाटले होते, चिरंजीव खाणीत ऑफिसर झाले म्हणून, आणि वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. त्यातच धाकट्या बहिणीचं, लताचं, स्थळ चाललं होतं. मुलाकडच्यांनी 'भाऊ तिकडे नक्की काय करतो' हे दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारण्याआधी फोटो पोचायला हवा होता.

खाणीच्या तोंडाशी कपडे बदलायची शेड होती, तिला 'ड्राय' म्हणत. तिथे प्रत्येकाचे कपडे साखळीनं वर ओढून छताशी टांगलेले असत. शशिकांतरावांच्या साखळीला निळा टायही लटकत असे, गाठ मारून तयार. न्हावीबुवा कॅमेरा घेऊन दिसले की शशिकांतराव आधी साखळी सोडत. टाय, त्यावर कोट, तोंडावर पाणी. तेवढ्या घाईत माणूस कमरेपर्यंतच ऑफिसर होऊ शकतो. खालचं प्रमोदिनीबाई बघत. फोटो घरी आला की शिवणाच्या कात्रीनं त्या कमरेखालचा भाग कापत, आणि वरचा नागपूरला रवाना करत. दोघांचा मिळून चाललेला हा गृहोद्योग होता आणि त्यात त्यांना हसूही यायचं.

"नीट काप हं," शशिकांतराव म्हणायचे, "मागच्या वेळी गुडघे दिसत होते. गुडघ्यांवरून कळतं."

"मग गुडघे धुऊन या."

स्थळ जमलं. लतावन्सं सुखात नांदल्या. त्यांच्या नागपूरच्या दिवाणखान्यात आता त्यातलाच एक फोटो मोठा करून, चंदनाचा हार घालून लावलेला होता. त्यात शशिकांतरावांच्या खांद्यावर एक हात आहे. नुसताच हात, बाकीचा माणूस कात्रीत गेला. तेवढा हात काही कापता येईना, खांदा जात होता. तो हात कुणाचा, असं लतावन्संनी विचारलं तेव्हा इकडून कळवलं गेलं होतं, की मोठ्या साहेबांचा. पन्नास वर्षं तो हात मोठ्या साहेबांचा होता.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात शशिकांतराव म्हणाले होते, "लताला सांगू नकोस हं. तिला सासरी अजून राहायचंय." आणि दोन दिवसांनी, ऑक्सिजनची नळी बाजूला करून, "त्या दगडाचं जर कधी जमलं, तर माझं नाव बघ. नाहीतर ते विचारतील, तू कुठे राहिलास." माणसानं जाताना एकच इच्छा ठेवावी. पण शशिकांतराव आधीपासूनच कमरेच्या वर एक आणि खाली एक असे होते.

त्या संध्याकाळी उन्मेष आला. उन्मेष मराठी मंडळाचा अध्यक्ष. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, आणि इतिहासाचा असा भोक्ता, की इतिहास दिसला की हार घेऊन धावायचा.

"काकू, मस्त न्यूज! वाचनालयाशी बोललोय मी. ओपनिंगला आख्खं मंडळ येतंय. काकांवर पाच मिनिटं बोलणार. 'कॅनडातले पहिले मराठी खाण-अधिकारी'. कसं वाटतं?"

"पहिले कशावरून?"

"दुसरे कोणी माहीत नाहीत ना. आणि नागपूरला लतामावशींना लाइव्ह दाखवायचं. त्यांच्याशी बोलणं झालंय. त्यांच्याकडे पहाट असेल, पण म्हणाल्या, नाहून बसते."

"तू विचारायचंस तरी आधी मला."

"सरप्राइज होतं काकू!" उन्मेष म्हणाला आणि पोहे मागून घेतले.

प्रमोदिनीबाईंनी पोहे दिले. शेंगदाणे जळाले होते. उन्मेषनं इतिहासाच्या भरात तेही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्या ग्लेंडाच्या घरी गेल्या. बेसमेंटमध्ये खोकी रचलेली होती: लग्नं, हॉकी, शाळेचं नाटक, बेकरीच्या दारातली रांग, हातात झाडू घेऊन हसणाऱ्या बायका. त्यातल्या एका रांगेत साडीवर पार्का, म्हणजे जाडजूड हिवाळी कोट, घातलेली एक मुलगी होती. प्रमोदिनीबाईंनी तिच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. त्यांना हवा होता तो फोटो त्यांना पाठ होता. वरचा अर्धा पाठ होता.

"हा?" ग्लेंडानं विचारलं.

हाच. ड्रायच्या दारातला. टाय, कोट, भांग पाडलेला, चेहरा गंभीर. त्याखाली, कात्रीच्या जागेपासून पुढे, चिखलानं कडक झालेली रबरी पँट, कमरेच्या पट्ट्याला दिव्याची बॅटरी, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. एक जण जमिनीवर बसून टोपीनं त्या बुटांना पॉलिश करतोय. दुसरा आरसा धरल्याचं सोंग करून उभा. तिसरा पोट धरून हसतोय, आणि चौथा, सगळ्यात काळाकुट्ट झालेला, शशिकांतरावांच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघतोय, हा आमचा आहे असं सांगितल्यासारखा.

"टोइवो," ग्लेंडानं त्याच्यावर बोट ठेवलं. "हा स्टॅन. हा जोसेफ. बूट पुसतोय तो बिल. चौघेही दगडावर आहेत."

हे बूट प्रमोदिनीबाईंनी कापले होते हे त्यांना माहीत होतं. ही माणसं कापली होती हे विसरायला झालं होतं. टोइवोची बायको त्यांना पहिल्या हिवाळ्यात पाव करायला शिकवायला आली होती. तिला चहा दिला, आणि तिच्या नवऱ्याचा हात साहेबांना देऊन टाकला.

"हा पुरावा झाला," ग्लेंडा म्हणाली. "पण समितीचा नियम आहे. पुराव्याचा फोटो प्रदर्शनात लावायचा, मोठा करून. कोणाला हरकत असेल तर त्यानं तो बघून सांगावं."

"नुसता समितीला दाखवला तर?"

"मग नाव नाही. नियम मी केला नाही, पॅम. तू म्हणशील तर मी फोटो परत खोक्यात ठेवते. शुक्रवारी मला सांग."

मुलाला, अनिशला, फोन लावला. अनिश वॉटर्लूला, त्यालाही वडील मायनिंग इंजिनिअर होते एवढंच माहीत. प्रमोदिनीबाईंनी सगळं सांगितलं, आवाज खाली ठेवून, घरात कोणी नसताना.

"वेट. डॅड वॉज अंडरग्राउंड? विथ अ शोव्हल?" अनिश म्हणाला. "आई, दॅट्स सो कूल!"

"कूल?"

"आय मीन, आयम प्राउड. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगणार!"

पन्नास वर्षं जे झाकलं ते पोराला दोन मिनिटांत कूल वाटलं. मग झाकलं कशाला? आणि कूल कसलं, खाली धूळ ओली असायची आणि घाम आटत नसे, आणि त्या हवेत काय असतं हे ज्यांना माहीत होतं ते वर बसत. रात्री खोकला आला की शशिकांतराव उशीत तोंड खुपसत, पाळण्यातलं पोर उठू नये म्हणून. ते पोर हे.

"तुझ्या आत्याचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"आत्या इज सेव्हन्टी-फोर, आई. हू केअर्स?"

आत्या केअर करत होती. तिच्या सासरी अजून जावा होत्या, जावांच्या सुना होत्या, आणि धरमपेठेत चुका विसरायची पद्धत नाही. आणि शशिकांतरावांना शब्द दिला होता. शब्द दोन दिले होते.

शुक्रवारी त्यांनी ग्लेंडाला फोन केला. "लाव," म्हणाल्या, आणि ती थँक यू म्हणायच्या आत ठेवून दिला.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी मंडळ वेळेवर आलं, हे स्वतःच ऐतिहासिक होतं. बायका पैठण्यांत, वर विंटर जॅकेटं. उन्मेषकडे हार आणि पाच मिनिटांचं भाषण. शेवटच्या भिंतीवर, दारातून दिसणार नाही अशा जागी, पुरुषभर उंचीचा तो फोटो होता. उन्मेष भाषण पुटपुटत त्या वळणावर पोचला आणि थांबला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालून वर. 'अधिकारी' हा शब्द त्याच्या तोंडात पेढ्यासारखा अडकला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "हे काका?"

"हो."

"मग आपल्या भाषणाचं...?"

"तू हार तिथे खुर्चीवर ठेव. मोबाइल दे इकडे."

मोबाइलच्या पडद्यावर लतावन्सं होत्या, खरंच नाहून, अंबाड्यात गजरा, मागे भिंतीवर हारातला अर्धा फोटो. त्यांच्या शेजारी दोन जावाही खुर्च्या ओढून बसल्या होत्या.

"वहिनी! दिसतंय हो सगळं. केवढा मोठा केलाय! अहो, अगदी आमच्यासारखाच. टाय बघा कसा बसलाय." त्यांनी मान वळवून जावांना सांगितलं, "दादाला टायशिवाय घराबाहेर पडलेलं कोणी पाहिलं नाही तिकडे."

प्रमोदिनीबाईंनी मोबाइल उभा धरलेला. त्यात कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच मावत होतं. नागपूरच्या फोटोत मावतं तेवढंच. अजून इथेच थांबता आलं असतं. समितीनं फोटो पाहिला होता, हरकत कोणी घेणार नव्हतं, नाव कोरलं जाणार होतं. दोन्ही शब्द राहिले असते. शशिकांतराव वरून गंभीर तोंडानं बघत होते, आणि टोइवोचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

"वहिनी, एक विचारू? त्या हाताचं. मोठे साहेब दिसतायत का ह्यात? इतकी वर्षं नुसता हातच पाहिला बघा. दिवा लावताना रोज नमस्कार करते त्यालाही."

"रोज करता?"

"मग! त्यांच्यामुळेच तर दादाचं सगळं झालं."

प्रमोदिनीबाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यांनी आधी तो हळूहळू डावीकडे नेला, हातावरून दंडाकडे, दंडावरून एका काळ्याकुट्ट, हसऱ्या डोळ्यांच्या माणसाकडे, आणि तिथे जरा थांबल्या.

"हे साहेब?" लतावन्संचा आवाज आला. मग, "वहिनी, मोबाइल खाली जातोय तुमचा."

"हो वन्सं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मीच नेतेय."