हळदीची सेटिंग

आमच्या घरात कॅमेरा एक आणि वापरणारे दोघं, हेच सगळ्या भांडणांचं मूळ. रितेशदादा, माझा मोठा भाऊ, त्यावर हळदी-लग्नं काढतो. मी पक्षी काढते. हळदीत माणसांची तोंडं टिपायची असतात, म्हणून तो कॅमेऱ्याला चेहरे शोधायला लावतो आणि फोकस शटरच्या बटणावर ठेवतो. माझा फोकस मागच्या बटणावर, अंगठ्याखाली. अंगठा दाबून धरला की पक्षी उडाला तरी फोकस त्याच्या मागे जातो, आणि बोटानं फक्त फोटो काढायचा. शोधायचं काय, तर पक्षी. मी हे सगळं नीट बसवून ठेवते आणि दादा प्रत्येक हळदीला ते मोडतो. मोडतो ते मोडतो, परत आणून तसंच ठेवून देतो.

बोललं तर वर मलाच ऐकवतो. "जेवताना कॅमेरा नवरीच्या मामाकडे दिला, तर तुझ्या त्या अंगठ्यापायी त्यानं काढलेले सगळे फोटो धुरकट आले. लोकांना अंगठा कळत नाय."

त्या दिवशीही तो कसाऱ्याची हळद करून रात्री आला आणि कॅमेरा चार्जिंगला लावून झोपला. सकाळी त्याची बाईक दारात नव्हती. शामकडे गेला असेल म्हटलं. शाम म्हणजे दादाचा धंद्यातला भागीदार. दादा फोटो काढतो, शाम व्हिडिओ. मी सेटिंग न बघताच कॅमेरा पिशवीत घातला आणि शेणव्याच्या ओढ्याकडे निघाले.

ओढ्यापलीकडच्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही मादी घरट्याचं तोंड विष्ठेनं, चिखलानं लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोचीपुरती फट ठेवते, आणि नर त्या फटीतून उंबरं भरवतो. आत असताना तिची उडायची पिसं झडतात. नवी आली की ती स्वतःच लिंपण फोडते. मला तेवढाच एक फोटो हवा होता, तिचं बाहेर येणं. सगळा उन्हाळा मी ओढ्याच्या अलीकडे करवंदीच्या जाळीत बसून काढला. झाड कुठलं ते घरी सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

जाळीत पोहोचले तर पलीकडे माणसं होती. मोठी लेन्स स्टँडवर लावून एक अनोळखी पाहुणा उभा, आणि लांब बांबू घेऊन शाम. बांबूचं टोक ढोलीला लागलेलं. लिंपणाचा एक तुकडा माझ्यादेखत खाली पडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा डोळ्याला लावला, अंगठा दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. समोर नुसतं हिरवं धुरकट. हळदीची सेटिंग. दादाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले आणि रागानं शटरच दाबलं. कॅमेऱ्यानं ढोलीकडे बघितलंसुद्धा नाही. चौकट सरळ शामच्या तोंडावर जाऊन बसली आणि हिरवी झाली. मी बोट उचललंच नाही, फोटो निघत राहिले.

मग ओरडले. "शामदादा, बांबू खाली घे. तिला उडता येत नाय अजून."

शाम दचकला, पण लाजला नाही. "ओरडते कशाला गो? यांना मादी बाहेर येतानाचा फोटो पायजे. जरा मोकळं करून देतो. आज नाय तर रविवारी येऊ आमी परत."

पाहुण्यानं मात्र स्टँड गुंडाळायला घेतला. ते गेल्यावर मी तिथंच बसले. नर आला, बराच वेळ लांबच्या फांदीवर थांबला, मग भरवून गेला. थोड्या वेळानं आतून चोच आली आणि फुटलेल्या कडेला लिंपण लावायला लागली. रविवारी बांबू पुन्हा लागला तर ती खाली पडणार, आणि खाली कुत्री आहेत. मी तिचा फोटो काढला नाही. उठले आणि शहापूरला वनपालांकडे जायचं ठरवलं.

घरी पाणी प्यायला थांबले तर दादा आलेला होता. शामचा फोन त्याला आधीच आला होता.

"तो फोटो उडव," दादा म्हणाला. "संध्याकाळी वैशाखऱ्याची हळद आहे. शाम नसला तर व्हिडिओ कोण काढील?"

"तू काढ."

"असं करू नको गो. शाम घरच्यासारखा आहे."

त्यानं माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि फोटो मोठा केला. मला वाटलं, शामचं तोंड किती ओळखू येतंय ते बघत असेल. तोंड तर असं स्पष्ट होतं की दाढीचे खुंट मोजावेत. पण दादानं ते बघितलंच नाही. त्यानं फोटो बाजूला सरकवला आणि शामच्या मागचा कोपरा मोठा केला. तिथं झाडाला टेकून कुणीतरी उभं होतं, सगळं धुरकट. जाळीतून मला ते दिसलंच नव्हतं.

"इथलं कोण ओळखू येत नाय ना?" त्यानं विचारलं. आवाज जरा हलका झाला होता त्याचा.

मी बघितलं. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग होता. पण शर्ट पांढरा होता, आणि छातीवर खांद्यापासून पोटापर्यंत पिवळं फासलेलं. कसाऱ्याच्या हळदीत दादाला करवल्यांनी माखलं होतं. तोच शर्ट आता त्याच्या अंगावर होता.

झाड त्यानंच दाखवलं होतं. मी घरी सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि घर म्हणजे हा.

मी कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला. त्यातलं कार्ड काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि कॅमेरा त्याच्या हातात परत दिला.

"घे. तुझीच सेटिंग आहे, मी हात लावला नाय. संध्याकाळी कामाला येईल."

"कुणाली, अगो त्यात मी दिसत पण नाय."

"मग घाबरतो कशाला?"

दादा दारात आडवा आला. मी त्याच्या बाजूनं निघाले, आणि उंबऱ्यावरून मागं वळून एवढंच म्हणाले, "तो शर्ट धुवू नको. वनपाल आले की मी तो पण दाखवणार आहे."