नाव सांग

काळुरामने निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या आणि धुपाटणं गोदाताईच्या नाकाखाली धरलं. ओटीवरची माणसं ठसकत मागे सरली. रंगूआत्याने पदर तोंडाला लावला. गोदाताई मात्र पुढे वाकली, तिने डोळे मिटले आणि धूर खोल आत ओढून घेतला.

“बघा! मानूस असता तर कवाच पलाला असता,” कोपर गावाहून बोलावलेला काळुराम भगत म्हणाला.

खांबाला टेकलेल्या हरिहरने मान खाली घातली. ते वाकणं त्याच्या ओळखीचं होतं. पुढे वाक, डोळे मीट, सावकाश ओढ. बहिणीला हे त्यानेच शिकवलं होतं.

फाल्गुनात तिची दाढ दुखत होती. आई गेल्यावर जिने त्याला लहानाचं मोठं केलं आणि विधवा होऊन जी पुन्हा याच घरात आली, तिचं कण्हणं त्याला ऐकवेना. कल्याणच्या दवाखान्यात तो औषधं तयार करून देत असे. तिथल्या क्लोरोफॉर्मचे काही थेंब त्याने छोट्या शिशीतून चोरून आणले आणि रुमालावर टाकून तिच्या नाकाशी धरले. थोड्याच वेळात ताई लग्नाआधीसारखी हसली.

पुढे दाढ काढली, पण तिचं शिशी मागणं राहिलं. आणि ते हसू बघायला तोही शिशी आणत राहिला. आषाढात तिला भाताच्या शितांत मुंग्या दिसू लागल्या. भिंतीतून सासरची माणसं बोलत. आत्याने आमटीत विष घातलंय म्हणून तिने ताट भिरकावलं. नाकाखालची कातडी सोलवटली, तेव्हा आत्या म्हणाली, ही हडळीची खूण. हरिहरने दोन दिवस शिशी आणली नाही, तर ताई थरथरत माजघरातल्या कणगीमागे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी त्याने आणली.

आजचीही अंगरख्याच्या खिशात होती.

“नाव सांग! कोन हायस तू?” काळुरामने विळ्याचं पातं निखाऱ्यांत खुपसलं. “नाय सांगला तर डाग द्यावा लागंल.”

“डाग नको,” हरिहर म्हणाला.

“मग तू कर बरं तिला!” आत्या उसळली. “सहा वर्षं दवाखान्यात पुड्या बांधतोयस. सगळ्या कल्याणला औषध देतोस, घरच्या माणसापुढे हात टेकलेस होय रे?”

हरिहरने तोंड उघडलं. डॉक्टरसाहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, ओटीवर दाटलेले शेजारी दिसले आणि त्याने हात खिशावर दाबला. पातं लाल व्हायला लागलं होतं.

गोदाताई त्याच्याकडे बघत होती. भ्रमात असली तरी तो घाबरलाय इतकं तिला कळत असावं. तिने सावकाश मान वळवली.

“मी लक्ष्मी,” ती म्हणाली. “हरीची आई.”

“वहिनी!” रंगूआत्या मटकन खाली बसली.

काळुरामने विळा बाजूला ठेवला. त्याचा आवाजच बदलला. “आई हाय, मंग डाग कशाला? आईला काय पायजे तो पोरानं आपल्या हातानं द्यायचा.” त्याने भंडाऱ्याचं ताट हरिहरपुढे धरलं. “उचल. दे वचन.”

ताई उठली, झोकांडली आणि तिने हरिहरच्या छातीवर तोंड टेकलं.

“ओळखलं हो पोटचं पोर!” आत्याला हुंदका फुटला. बाया डोळे टिपू लागल्या.

फक्त हरिहरला ऐकू येत होतं. ताईचं नाक खिशाशी होतं. एक लांब श्वास. मग दुसरा.

“तुझं नाव नाही घेतलं हं,” ती पुटपुटली. “आणलंस ना रे?”

त्याने तिला दोन्ही हातांनी धरून भिंतीशी बसवलं. खिशातून शिशी काढली आणि ताटात ठेवली. ओल्या बुचाला भंडारा चिकटला. गोडसर वास येताच सगळ्या धुऱ्या ओळखणाऱ्या काळुरामने तोंड मागे घेतलं.

“ह्यो कसला वास?”

हरिहर ताईच्या जागी, धुपाटण्यासमोर मांडी घालून बसला. मिरच्यांच्या धुराने त्याला जोराचा ठसका लागला. तो ओसरल्यावर त्याने मान वर केली.

“तिला काही विचारू नका,” तो म्हणाला. “आता मला विचारा.”