तीन वेळा कट्ट

मित्रांनो, एका बाईंचं चालणं काही महिने माझ्या हाती होतं. खरं तर मला हात नाहीत. मी एक जुनं झाकण आहे, मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीचं.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. मिनिटाला चाळीस भावंडं बाहेर पडत होती, त्यामुळे लाड कोणाचेच झाले नाहीत. गळ्यात काळ्या रबराचं कडं घातलं आणि काम सांगितलं: टाकीतली वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. मला फिरवून घट्ट बसवलं की मी 'कट्ट' असा आवाज करतो. आयुष्यात मी एवढंच बोललो, आणि तेही जास्तच झालं.

माझे मालक नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. रेघ केसभर हलली तरी कागद फाडून नवा घेणारा माणूस. गाडी म्हातारी होती, पण गिअर स्वतःचे स्वतः बदलायची. मालकीणबाईंचा उजवा पाय अर्धांगवायूच्या झटक्याने लुळा पडला होता. गाडीची बैठक खाली होती, म्हणून त्यांना कोणाचाही हात न धरता आत बसता येई. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या इस्पितळात व्यायामाला जात. तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी बजावलं होतं, "पहिल्या वर्षात पाय जेवढा परत येईल तेवढा आपला. खाडा करायचा नाही."

अशात एके दिवशी मीटरशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मालकांनी गाडी तशीच मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने यंत्र जोडलं, दोषाचा आकडा वाचला, सरळ मागे आला आणि मला तीनदा फिरवलं. कट्ट, कट्ट, कट्ट.

"झाकण सैल होतं, काका. वाफ निसटली की दिवा लागतो. घरी जा, दोन-तीन दिवसांत विझेल."

तिसऱ्या दिवशी दिवा विझला, आणि माझ्या भाग्याचा उदय झाला. मालकांनी मला नवं रबर बसवलं. आलेल्या-गेलेल्याला ते मला फिरवून दाखवू लागले. रेखीव अक्षरात त्यांनी एक पुठ्ठा लिहिला, 'दिवा लागल्यास प्रथम झाकण पाहणे', आणि तो स्टिअरिंगशेजारी चिकटवला. प्रथमनंतर काय पाहायचं, ते लिहिलं नव्हतं. पुठ्ठ्यावर जागा होती.

"एवढा मान माझ्या पायाला दिलात, तर मी पळत सुटेन," मालकीणबाई म्हणाल्या.

पुढे काही महिन्यांनी दिवा पुन्हा लागला. यावेळी मी घट्ट बसलेलो होतो. पण गाडी उलटी घ्यायची म्हटली की क्षणभर विचारात पडायची. गिअर बदलताना धक्का बसायचा. गरम झाली की इंजिन ओरडायचं आणि वेग जिथल्या तिथे. गिअरबॉक्स पुढे, मी मागे. आमची कधी भेट झाली नाही, पण धक्के माझ्यापर्यंत पोचत होते. मालक मला तीनदा फिरवत. दुखणं येऊन-जाऊन असल्यामुळे दिवा चार दिवसांनी आपोआप विझे आणि श्रेय मला मिळे. मित्रांनो, ते मी घेतलं. नाकारायला मला तोंड नव्हतं हे खरं, पण असतं तरी मी ते उघडलं नसतं.

"बाबा, एकदा यंत्र लावून घ्या ना," लेक म्हणाली. "गाडी उचक्या देतेय."

"उचक्या मलाही लागतात. मी दरवेळी डॉक्टरकडे जातो का?"

"तुमच्यात बसून आई इस्पितळात जात नाही."

"अगं, मिस्त्रीचंच निदान आहे हे. माझ्या मनचं नाही."

मग तो शुक्रवार आला. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं, आज काठी दाराबाहेर ठेवून चालायचं. मालकीणबाई सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या. पुलाच्या चढावर इंजिन जोरात ओरडलं आणि गाडी जागची हलेना. उलट चार बोटं मागेच सरकली. मालकांनी ब्रेक ओढला, खाली उतरले आणि माझ्याकडे आले. कट्ट, कट्ट, कट्ट. आत जाऊन ॲक्सिलरेटर दाबला, नुसताच आवाज. पुन्हा माझ्याकडे आले. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला होता. तिसऱ्या खेपेलाही त्यांनी मलाच फिरवलं.

"अहो," मालकीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "ते झाकण सोडा आता. माझा हात धरा."

गॅरेजात मिस्त्रीने गिअर तेलाची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. डाग लाल पडायला हवा होता. पडला काळपट, आणि जळका वास सुटला.

"मी झाकण तर घट्ट..." मालक म्हणाले.

"ते तेव्हाचं होतं, काका. दिवा एकच असतो, दुखणी शंभर. यंत्र लावल्याशिवाय मलाही सांगता येत नाही. दोन महिने आधी आला असतात, तर तेल आणि गाळणी बदलून कदाचित भागलं असतं."

"कदाचित?"

"कदाचित."



एवढ्या जुन्या गाडीचा दुसरा गिअरबॉक्स लवकर मिळेना. टॅक्सी उंच होती. मालकीणबाईंना दोघांनी उचलून आत बसवावं लागे. दोनदा गेल्या आणि मग म्हणाल्या, "मी काय पोतं आहे?" अकरा आठवडे खाडा पडला. गाडी परत आली तोवर पहिलं वर्ष सरलं होतं. आज त्या चालतात, काठी घेऊन. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही, आणि मालकांना तेच जास्त लागतं. पुठ्ठा त्यांनी काढून टाकला. त्याच्या डिंकाचा चौकोन अजून तिथे आहे.

मित्रांनो, दिवा लागला तर घाबरू नका. पण मागच्या खेपेचं उत्तर त्याच्या तोंडावर मारून त्याला गप्पही करू नका. दर वेळी नव्याने विचारा. आणि घरातलं कोणी 'एकदा दाखवून घ्या' म्हणालं, तर दाखवून घ्या. मला फिरवायला तीन सेकंद लागतात, आणि माझ्या मालकांनी त्या तीन सेकंदांवर फार भरवसा ठेवला.

पुलावर गाडी अडली त्या दिवशी मिस्त्रीच्या यंत्रात चार दोष निघाले. चारही गिअरबॉक्सचे. झाकण व्यवस्थित बसलेलं होतं.