पुढचं पान

भिंगरीला एका जागी बसवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं, आणि ती पडली नेमकी अशा धंद्यात जिथे दिवसभर बसावंच लागतं. ऑफिसात सगळ्यात आधी चाकं झिजायची ती तिच्या खुर्चीची. तिचं खरं नाव तिथे कोणी घेतच नसे. भिंगरी हे नाव लहानपणी आत्याने ठेवलेलं, ते कसं कोण जाणे इथवर येऊन पोचलं होतं.

ऑफिस म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारं केंद्र. प्रत्येकाच्या घरी भिंतीवर एक बटण बसवलेलं. सकाळी उठून ते दाबलं की हिरवा दिवा लागतो आणि केंद्रात कळतं, माणूस ठीक आहे. नऊ वाजेपर्यंत ज्याने दाबलं नाही त्याचं नाव कॉम्प्युटरच्या तक्त्यात येतं. मग फोनवर बसलेल्या बायका एकेकाला फोन लावतात. कोणी विसरलेलं असतं, कोणी अंघोळीला गेलेलं असतं. एखादा फोन मात्र वाजतच राहतो, आणि मग गाडी पाठवतात. हा तक्ता नीट दिसेल, नीट चालेल हे बघणं भिंगरीचं काम.

माणसं थोडी होती तोवर तक्ता एका स्क्रीनवर मावत होता. मग केंद्राचं नाव झालं, माणसं भराभर वाढली, तक्ता मावेना, आणि ऑफिसात जुंपली. एका बाजूला धबधबा. हा शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर, एकदा बोलायला लागला की थांबत नसे. त्याला सरकती यादी हवी होती, बोट फिरवत राहावं आणि खालून नावं येत राहावीत. भिंगरीला हवी होती पानं. पन्नास नावांचं एक पान, ते संपलं की पुढचं.

"लोकांना आता सरकवायची सवय झालीये," धबधबा म्हणायचा. "मोबाइलवर दिवसभर तेच करतात ना? तू आपली पुस्तक उलटत बस."

"दिवसभर सरकवतात आणि काय बघितलं ते एकालाही सांगता येत नाही. फोनवरच्या बायकांना फोन उरकायचेत, वेळ घालवायचा नाहीये. आपण कुठवर आलो हे कळायला नको?"

"वर आकडा दाखवू. इतकी राहिली, इतकी झाली."

"आकडा कशाला? पानं आहेत ना!"

खरं सांगायचं तर भांडण यादीचं राहिलंच नव्हतं. न संपणारी कुठलीही गोष्ट भिंगरीला सोसायची नाही. सिनेमा लांबला की ती उठायची, गप्पा लांबल्या की चपला घालायची. काम संपल्यासारखं दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. म्हणून तिने आणखी एक सोय केली होती. फोन झाला, किंवा कोणी उशिरा बटण दाबलं, की ते नाव तक्त्यातून उडायचं. एकेक नाव उडत पान रिकामं व्हायचं, 'या पानावरचं काम झालं' अशी अक्षरं यायची आणि खाली एकच बटण उरायचं, 'पुढचं पान'. ही सोय दाखवताना ती स्वतःवरच इतकी खूश होती की धबधबाही दोन मिनिटं गप्प बसला.

साहेबांनी दोघांना गप्प करायला तोडगा काढला. हा आठवडा पानं, पुढचा आठवडा सरकती यादी, मग निकाल. सोमवारी पानं सुरू झाली आणि जादूच झाली. जे फोन दुपारपर्यंत पुरायचे ते अकराच्या आत संपायला लागले. फोनवरच्या बायकांनी भिंगरीला डोक्यावर घेतलं. बुधवारी साहेब तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "धबधब्याची पाळी आणायचीच कशाला? उद्या बारा वाजता मीटिंग घेऊ, पानांवर शिक्कामोर्तब करू."

एखादी आनंदाने नाचली असती. भिंगरी त्या रात्री कूस बदलत राहिली. तक्ता बदलला म्हणून फोन लवकर कसे संपतील? म्हातारी माणसं काय एकाएकी थोडक्यात बोलायला लागली?

गुरुवारी सकाळी ती सरळ काकूंच्या शेजारी जाऊन बसली. काकू म्हणजे फोनवरच्या बायकांत सगळ्यात जुन्या. गळ्यात हेडफोन, हाताशी पाण्याची बाटली, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं, ही आपल्याच घरातली.

"आज परीक्षा आहे वाटतं माझी," काकू म्हणाल्या.

"माझीच आहे. तुम्ही तुमचं चालू द्या."

आज किती काम आहे ते बघायला काकूंनी आधी पानं भराभर उलटून पाहिली. नावं अक्षरक्रमाने लागलेली होती. दुसऱ्या पानावर सगळ्यात वर नाव होतं ते भिंगरीच्या आत्याचं.

आई गेल्यावर भिंगरीला आत्याने वाढवलं होतं. आता आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. बटण भिंगरीनेच बसवून दिलं होतं. सुरुवातीला ती रोज फोनही करायची. मग तक्ताच पुरेसा वाटायला लागला. आत्याचं नाव आलं, काकूंचा फोन गेला, पुढे काकूंनी 'बोलणं झालं, ठीक' एवढं लिहिलं की भिंगरीला खुशाली कळायची. गेल्या काही दिवसांत धावपळीत तेवढंही बघायचं राहून गेलं होतं. आज नाव दिसलं तेव्हा तिच्या मनात आलं, विसरली वाटतं. करतीलच काकू थोड्या वेळात.

काकूंनी पहिलं पान घेतलं. फोन होत गेले, नावं उडत गेली. भिंगरीने एवढ्यात तीनदा पाय बदलला, दोनदा उठून खिडकीशी जाऊन आली. शेवटी पान रिकामं झालं आणि काकूंनी 'पुढचं पान' दाबलं.

वर आत्याचं नाव नव्हतं. खालीही कुठे नव्हतं.

"काकू, आत्याचं नाव कुठे गेलं?"

"त्यांनी दाबलं असेल बटण. दाबलं की उडतंच ना? तूच तर केलंयस."

उत्तर तर्काला धरून होतं, पण भिंगरीच्या जिवाला ते पटेना. तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि आत्याची नोंद उघडली. आज बटण दाबलेलं नव्हतं. काल नव्हतं, परवा नव्हतं, सोमवारीही नव्हतं. आणि शेवटचा फोन रविवारचा. 'पान एक' दाबलं, तर जे पान आत्ता डोळ्यांदेखत रिकामं झालं होतं ते गच्च भरलेलं, आणि सगळ्यात वर आत्या.

रांगेतली पुढची माणसं निघून गेली की मागची पुढे येतात, तसंच इथे होत होतं. पहिल्या पानावरची पन्नास उडाली की दुसऱ्यावरची पन्नास निमूट पहिल्यावर येऊन बसत. काकू मात्र दुसऱ्या पानावर जात, आणि तिथे तोवर तिसऱ्यावरची माणसं आलेली असत. म्हणजे एक पान करायचं, एक गाळायचं. काम अकराच्या आत का संपतं, ते आता उघड होतं. भिंगरीने पानं शंभरदा उलटून पाहिली होती, पण नावं उडवत उलटली नव्हती. आणि राहिलेल्यांचा आकडा वर असता तर तो पहिल्याच दिवशी बोंबलला असता.

"सगळ्यांनी पान एकवर जा!" ती ओरडली. "पुढचं पान दाबायचं नाही! पहिलं संपलं की पुन्हा पहिलंच उघडायचं. ही माणसं सोमवारपासून राहिलीयत!"

काकूंनी हेडफोन चढवला, आणि एकामागून एक सगळ्या जणी फोनवर वाकल्या. भिंगरीने आत्याला फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"गाडी पाठवू?" काकूंनी विचारलं. त्यांचा घरगुती आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"सगळ्याच गाड्या लागतील आता. मी जाते."

टॅक्सीत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक सिग्नल लालच होता, आणि ड्रायव्हर सभ्यपणाचा पुतळा, पिवळ्यालाही थांबायचा. ती फोन लावत होती, कापत होती, पुन्हा लावत होती. मध्येच साहेबांचा आला.

"बाकीचे उचलतायत," ते म्हणाले. "एक आजोबा तापाने पडलेत, तिकडे गाडी गेली. तुझ्या आत्याचं?"

"कळलं नाही अजून."

"हं. बरं, ते बारा वाजताचं... सरकती यादीच घ्यायची का मग?"

"काहीही घ्या! पानं घ्या, यादी घ्या. झालेलं नाव उडवू नका म्हणजे झालं. जागच्या जागी राहू दे, फिकं करा, आणि वर आकडा लावा. धबधब्याला सांगा, आकड्याचं त्याचंच बरोबर होतं."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, कालपर्यंत हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं. आज त्याचं काही वाटलं नाही. तिला फक्त तिसरा मजला दिसत होता.

जिने ती धावतच चढली. बेल वाजवली, दार वाजवलं, मग पर्समधली किल्ली सापडेना म्हणून पर्स तिथेच उलटी केली. आत शिरली तर स्वयंपाकघर रिकामं, पलंगावरची चादर घडी घातलेली, न्हाणीघराचं दार उघडं. आणि फोनच्या जागी नुसती भिंतीतून आलेली वायर. फोन नव्हताच.

आवाजाने शेजारीण दारात आली. "आत्या ना? खाली गेल्या. फोन बिघडलाय म्हणाल्या, पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेल्या. मी म्हटलं मुलाला पाठवते, तर ऐकतील तर शपथ."

कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. आत्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी होती, केस नीट बांधलेले, बाहेर जायची साडी. समोर तिचा फोन खोलून पुन्हा जोडलेला. भिंगरीला तिला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, कारण आत्याला बोलायचं होतं.

"बरं झालं आलीस. यांना सांग जरा. सोमवारपासून मुका झालाय हा फोन, आणि हे म्हणतात काही झालंच नाही."

"अहो, तुमच्यासमोर वाजवून दाखवला!" दुकानदार म्हणाला. त्याने स्वतःच्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला, दुकानाची वायर आत्याच्या फोनला लावलेली होतीच. फोन खणखणीत वाजला. "वाजतो की नाही?"

"तुमच्याकडे वाजतो. माझ्याकडे नाही."

"मग लाइनमध्ये बिघाड असेल," दुकानदार भिंगरीकडे बघून म्हणाला. त्याला कसंही करून सुटायचं होतं. "असेल ना, ताई?"

हो म्हणायला काय लागत होतं? आत्याचं समाधान झालं असतं, दुकानदार सुटला असता, भिंगरीही सुटली असती. पण तिला ते जमेना.

"लाइन चांगली आहे. तुला कोणी फोनच केला नाही, आत्या. माझ्यामुळे. मी तक्ता बदलला आणि त्यात तुझं पान गळत राहिलं. तुझं एकटीचं नाही, पुष्कळांचं."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूहळू फोनची वायर फोनभोवती गुंडाळायला लागली.

"पण तू बटण का दाबत नव्हतीस?" भिंगरीचा आवाज चढला. "सलग चार दिवस? विसरलीस?"

"विसरेन कशाला? मुद्दाम नव्हते दाबत. दाबलं की हिरवा दिवा लागतो. तो काय बोलतो?" आत्या फोनकडे बघत म्हणाली. "नाही दाबलं की ती बाई फोन करते. झोप लागली का विचारते, गुडघ्याचं विचारते. महिनाभर मी दाबलेलंच नाहीये."

दुकानदार उगाच मागे वळून स्क्रूड्रायव्हर लावून ठेवायला लागला.

"बरं," आत्या म्हणाली, "त्या तक्त्याने मला गाळलं, ते समजलं. तू कशाने गाळलंस?"

भिंगरीने वायरचं सुटलेलं टोक आत्याच्या हातात दिलं.

"तुझं नाव दिसायचं ना तिथे," ती म्हणाली. "वाटायचं, इथून फोन जातोच आहे."

"मलाही तसंच वाटायचं," आत्या म्हणाली. "ती बाई बोलायची तेव्हा वाटायचं, तूच तिला सांगून ठेवलं असशील, माझ्या आत्याला फोन करा म्हणून."

तिने फोन पिशवीत ठेवला. भिंगरीने पिशवीला हात घातला, पण आत्याने ती दिली नाही. स्वतःच उचलली आणि दुकानाची पायरी उतरली.