रिकाम्या बरणीचे पाहुणे

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझ्या काठाचा टवका उडालाय, झाकण कधीच हरवलंय, सगळं मला ठाऊक आहे. पण माझ्याकडे जसे पाहुणे आले, तसे तुमच्या कपाटातल्या नव्याकोऱ्या भांड्यांकडे उभ्या जन्मात यायचे नाहीत.

भट्टीतून बाहेर पडले तेव्हा माझ्या पोटात जॅम भरला गेला. तो महिनाभरात फस्त झाला. मग खिळे आले, ते मात्र वर्षानुवर्षं राहिले आणि गंजले. शेवटी घरातल्या मावशीनं मला अडगळीतून उचललं आणि माझं नशीबच उघडलं.

मावशी घड्याळं दुरुस्त करायची. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकांशी झटायची, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच भिंगातून फुलपाखरं आणि पतंग ओळखायची. पतंग म्हणजे फुलपाखरांची चुलत भावंडं, अंगानं जाडजूड आणि जरा लाजरी. तिच्या पेट्यांत प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी असे: काय, कुठे, कधी. "चिठ्ठी नसेल तर तो नुसता मेलेला किडा," असं ती म्हणायची. माझ्याकडे काम होतं अळ्या सांभाळायचं. आत ताजा पाला, तोंडाला मलमलीचं फडकं, वर दोरा. किती अळ्यांची बाळंतपणं मी केली, विचारू नका.

मावशीच्या मनात मात्र एक सल होता. वीस वर्षांपूर्वी मागच्या बागेत तिला चांदडोळा दिसला होता. हाताच्या पंज्याएवढा तपकिरी पतंग, चारही पंखांवर चंद्रासारखा डोळा. तिनं संग्रहालयाला कळवलं. तिथल्या साहेबांनी उत्तर पाठवलं, की हा पतंग आपल्या भागात नाही, आपला भास झाला असावा, नमुना असल्यास पाठवा. नमुना कुठून आणणार? तेव्हापासून फुलपाखरं जमवणाऱ्या मंडळींनी तिचं नावच 'दिसलं-होतं-बाई' पाडलं. ती वरवर हसायची. रात्री माझ्याजवळ बसून साहेबांचं तेच पत्र पुन्हा वाचायची.

मग एका वर्षी तिची भाची सुट्टीला आली. पोरगी भारी चौकस. बागेच्या कुंपणात तिला एक खरबरीत कोश सापडला आणि तो माझ्याकडे आला. आठ आठवडे काही हललं नाही. एके सकाळी बघते तर काय, माझ्या पोटात चांदडोळ्याची मादी पंख वाळवत बसलेली. मी काच असूनही मला धडधडल्यासारखं झालं. मावशीनं संग्रहालयात फोन लावला. तेव्हाचे फोन भिंतीला टांगलेले, त्यातून फोटो कुठला निघणार? तेच साहेब अजून तिथे होते; म्हणाले, चारला येतो.

आता काकांविषयी सांगायला हवं. मावशीचे यजमान, मनानं लोणी, पण स्वच्छतेचं भारी वेड. पाहुणे येणार आणि बरणीला आतून वाफ धरलेली, हे त्यांना कसं पाहवेल? दुपारी तीनला त्यांनी फडकं सोडलं आणि आत बोट घातलं. मादी भुर्रकन खिडकीबाहेर.

"अगं, नुसती पुसत होतो," काका पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले. "आण, निदान बरणी तरी साबणानं चकचकीत करतो."

"तिला हात लावाल तर बघा," मावशी म्हणाली. भाची कोपऱ्यात मुसमुसत होती.

साहेब बरोबर चारला आले. त्यांनी खिडकीतली रिकामी मी पाहिली, कोश उलटसुलट केला. "असले कोश दुसऱ्याही पतंगांचे असतात, बाई. म्हणजे या वेळीही दिसलंच होतं म्हणायचं."

साहेबांनी टोपी उचलली आणि तेवढ्यात काहीतरी त्यांच्या कानाला घासून आत आलं. थेट माझ्या काठावर बसलं. तपकिरी पंख, चार चंद्र, पिसांसारख्या मिशा. चांदडोळ्याचा नर. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. भाची मोजत होती, ती अकरावर थांबली, कारण बारावा तिच्या नाकावर बसला.

"पण मादी तर गेली," काका पुटपुटले.

"तिचा वास आहे ना काचेला आणि फडक्याला," मावशी म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. "नर मैलावरून येतात वासावर. धुतली असती बरणी, तर बसलो असतो हात चोळत."

साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात. एकेक पंख भिंगाखाली तपासला, खिशातून वही काढली, आजची तारीख लिहिली. मग पेन थांबवून त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"बाई, आधीची नोंद राहिलीय. वीस वर्षांपूर्वी कधी पाहिला होता?"

मावशीनं तारीख सांगितली, वार सांगितला, वेळही सांगितली. साहेबांनी ती आजच्या तारखेच्या वरच्या ओळीत लिहिली आणि खाली स्वतःची सही केली.

तर मित्रांनो, घरातलं काही रिकामं दिसलं की लगेच मोरीकडे नेऊ नका. आणि कुणी म्हणालं, "मला दिसलं होतं," तर हसण्याआधी निदान विचारा, "कुठे? कधी?"