टाचणीबाईंचा डावा गाल

टाचणीबाईंच्या दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा होता, पण कोट कसा झालाय हे गिऱ्हाईक आरशात बघत नसे, बाईंच्या तोंडाकडे बघे. ओठांत सदा चार टाचण्या. तरीही ओठांचे कोपरे वर गेले की समजावं, कोट जमला. नाही गेले, तर गिऱ्हाईक मुकाट्याने कोट उतरवून देई. वीस वर्षं हा कारभार बिनतक्रार चालला.

मग बाईंच्या कानामागची गाठ काढावी लागली. गाठ गेली ती डाव्या गालाचं हसू सोबत घेऊन. आता कोट कितीही जमो, तोंड डावीकडे ओघळलेलंच. गिऱ्हाईक घाबरून विचारी, "इतका वाईट झालाय का हो?" एकीने तर तिथेच डोळ्यांना रुमाल लावला. टाचण्याही डावीकडून गळू लागल्या. शेवटी नणंदेने टेप स्वतःच्या गळ्यात अडकवली, ट्रायलची खोली ताब्यात घेतली आणि बाई मागे मशीनवर गेल्या.

नणंद मनाने चांगली, पण जिभेवर साखरेचं पोतं. जो येईल त्याला "छान!" आठ महिन्यांत सतरा कोट उसवायला परत आले.

"वन्सं, खांदा उतरलेला दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतो की. पण तोंडावर कसं सांगायचं, वहिनी?"

"मी काय पाठीमागे सांगायचे?"

बाईंनी सर्जन गाठला. तो म्हणाला, "चावायच्या नसेची एक फांदी हसायच्या नसेला जोडू."

"म्हणजे आतल्या शिलाईतली पट्टी काढून बाहेर लावायची. धागा?"

"केसाहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली शिवतो."

"टोकं ताणून शिवू नका. ताणलेली शिवण आज ना उद्या दगा देते."

सर्जनने पेन खाली ठेवलं. "बाई, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागतात."

शस्त्रक्रिया झाली. नस सावकाश वाढते, काही महिने लागतील. तोवर रोज आरशापुढे दाढा दाबायच्या, कारण आता हसण्याची दोरी दाढांकडे. बाईंनी दिवसातून तीनदा दाढा दाबल्या. चार महिने झाले, गाल ढिम्म.

"वहिनी, हंगाम तोंडावर आलाय," नणंद चाचरत म्हणाली. "ट्रायलला एक नवी बाई बघून ठेवलीय. सोमवारपासून येईल. नेहमीसाठीच."

"येऊ द्या," बाई म्हणाल्या आणि मशीनचं चाक उगाचच जोरात फिरवलं.

शनिवारी वकीलबाई आल्या. एकच काळा कोट, ट्रायल चौथी. नणंद "छान!" म्हणताच त्या कडाडल्या, "तुमचं छान ठेवा तुमच्याकडे. त्यांना बोलवा!"

बाई आल्या. कोटाभोवती एक फेरी मारली. कोट चोख होता.

"बाही लांब आहे," वकीलबाई म्हणाल्या.

"मागच्या वेळी आखूड म्हणालात, म्हणून सोडली."

"मग मागच्या वेळी बरोबर होती!"

"त्याच्या आधी लांब म्हणाला होतात."

"मी असं कधीच म्हणत नाही. लेखी दाखवा!"

बाईंनी उत्तर गिळलं आणि दाढा अशा दाबल्या की कानशिलं ताठरली. वकीलबाई एकदम थांबल्या.

"अहो, तुम्ही हसताय! म्हणजे जमलाय! मग आधी सांगायचं नाही का?" आणि कोट अंगावर तसाच ठेवून त्या निघूनही गेल्या.

नणंदेच्या हातातला खडू पडला. "वहिनी! डावीकडे! डावा कोपरा वर गेला!"

"हसत नव्हते, संतापले होते मी."

"मग संतापा! आणखी संतापा!"

बाई आरशापुढे उभ्या राहिल्या. दाढा दाबल्या, कोपरा वर. सोडल्या, खाली. त्या रात्री जेवतानाही घासागणिक कोपरा वर जात होता. स्वयंपाक नवऱ्याने केलेला. तो इतका सुखावला की भाजी खारट झालीय हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

सोमवारी नवी बाई हजर झाली. बाईंनी तिला मागची मशीन दाखवली, नणंदेच्या गळ्यातली टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि ट्रायलला उभ्या राहिल्या. पहिल्याच कोटाचा खांदा उतरलेला. बाईंनी टाचण्या हातात घेतल्या आणि दाढा सैल सोडल्या. गिऱ्हाइकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने कोट उतरवायला घेतला.