पान बेचाळीसवरची पट्टी

मी सेवानिवृत्तीची नियमपुस्तिका. सरकारी नोकराने किती वर्षं राबायचं आणि कोणत्या वयात पूर्ण पेन्शन घेऊन घरी जायचं, ते माझ्या पोटात आहे. छापखान्यातून आले तेव्हा सडपातळ होते. मग नियम बदलत गेले आणि दर बदलाची पट्टी माझ्या पानांवर खळीने डकवली गेली. आता मी नीट मिटतही नाही.

आमचे हेडक्लार्क मला कधी उघडत नसत. माझ्यावर चहाचा कप ठेवून म्हणत, "नियम तोंडपाठ आहेत." पाठ झालेलं पुन्हा वाचायचा माणसांना भारी कंटाळा.

एकदा अग्निशामक दलाचे एक जवान आले. नावाला जवान, वय पंचावन्न. दोन जिने चढून आले आणि बोलण्याआधी खुर्ची धरून उभे राहिले. तीस वर्षं धूर गिळलेला.

"साहेब, शिडी चढवत नाही आता. परवा एक बाई खांद्यावर होती, मध्येच दम संपला. सुटता येईल का?"

"पंचावन्नची सवलत पोलिसांना. तुम्हाला अठ्ठावन्न. काढा तीन वर्षं कशीबशी."

"मी काढीन हो. खांद्यावर जो असेल त्याचं काय?"

शेजारच्या टेबलावरची नवी कारकून उठली. तिने कप बाजूला केला आणि मला उघडलं.

"सर, ही पोलिसांची पट्टी वाकडी लागलीय. खालची ओळ झाकलीय."

"तू जन्मलीही नव्हतीस, तेव्हा मी लावलीय ती."

"मग खळ सुटली असेल एव्हाना."

तिने ओला रुमाल दाबून धरला आणि नखाने कड उचलली. माझं पान थोडं फाटलं. खाली ओळ होती: 'हीच वयोमर्यादा अग्निशामक दलासही लागू राहील.'

हेडक्लार्कांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. वाटलं, आता पट्टी परत दाबतील. पण ते हळूच म्हणाले, "माझ्याच हातची चूक. बसा, अर्ज मी लिहून देतो." त्या पोरीच्या नखाची मी ऋणी आहे, आणि या वाक्यासाठी त्यांचीही.

महिनाअखेरीस जवान शेवटची सही करायला आले. "घरी बसून करू काय आता?"

"श्वास घ्या, काका," पोरगी म्हणाली.

हल्ली तिने मला बाहेरच्या बाकाशेजारी ठेवलंय. येणारा स्वतःच उघडतो. बोट जिभेला लावून पानं उलटता, उलटा बापडे. एवढंच करा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे कदाचित तुम्हीच असाल.